जाड तारेचं शहाणपण

या, जरा पुढे सरकून बसा मंडळी, अगदी कानाशी सांगावी अशी गोष्ट आहे. देवाने एका मास्तरांना हात सोन्याचे दिले, कान मात्र द्यायचे राहून गेले.

मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. साहजिकच विजेतले तज्ज्ञ. लेकीचं शिवणकामाचं दुकान उद्या उघडणार होतं, आणि कपाट बाबांच्याच हातचं हवं, असा तिचा हट्ट. ते न्यायला चार वाजता टेम्पो येणार होता. फवाऱ्याने रंग मारायला मास्तरांनी दोन हॉर्सपॉवरचा कंप्रेसर आणला.

मास्तरांची थोरली बहीण तीस वर्षं कारखान्यात वायरिंग करून आलेली. तिला बापडीला काय कळणार?

"अरे, सुरू होताना ही मोटर पाच-सहा पट करंट ओढते," ती म्हणाली. "असल्या बारीक वायरीवर लावू नकोस. गीझरचा पॉइंट घे, बाकी सगळं बंद ठेव."

"अक्का, मी पुस्तिका वाचलीय."

"कितवं पान?"

"चित्राचं."

अक्का बाजारात गेली. मास्तरांनी वायरीचं रीळ न उलगडताच त्यावर पंखा, करवत आणि कंप्रेसर असा सगळा गोतावळा जोडला. मोटर नुसतीच घुमली, फ्यूज उडाला. मास्तरांनी त्यात जाडजूड तार घातली. "आता उडून दाखव!"

फ्यूज आज्ञाधारक निघाला. उडाला नाही. त्याच्याऐवजी रीळ वितळलं, मोटर जळली, भिंतीवरचा बोर्ड काळा पडला.

अक्काने दारातून धूर पाहिला, पिशवी टाकून आधी मेन स्विच पाडला. मग खिडक्या उघडल्या. मास्तर काळ्या बोर्डाकडे बघत म्हणाले,

"पोरीला काय तोंड दाखवू?"

"दीड वाजलाय. तोंड राहू दे, ब्रश धर."

डावी बाजू अक्काने रंगवली, उजवी मास्तरांनी. रंग लवकर सुकणारा होता, एवढीच काय ती देवाची दया. टेम्पोबरोबर लेक आली.

"बाबा, फवाऱ्याने एवढ्या रेघा?"

मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. आयुष्यात प्रथमच, अगदी जाड तारेसकट.

लेक हसली. "मग ही रेघांची बाजू दाराकडे ठेवते. माझ्या बाबांची आहे."

आता गिऱ्हाइकं मास्तरांचं कौतुक करतात, आणि मास्तर ते नम्रपणे स्वीकारतात. अक्काची गुळगुळीत बाजू भिंतीला टेकलेली आहे. मंडळी, एवढंच मागणं: घरी जाऊन दिवा लावाल, तेव्हा त्या अक्काची आठवण ठेवा.