निस्ती बीपीची गोळी

टॉर्च किशनरावांच्या तोंडात धरून डॉक्टर बराच वेळ वाकून राहिले. दाढ काढून तीन महिने झाले होते, तरी हिरडी मिळून आली नव्हती. जबड्याचं पिवळट हाड उघडं पडलं होतं.

“मायलोमाच्या कॅन्सरसाठी हाडांचं इंजेक्शन सुरू केलं तेव्हाच सांगितलं होतं ना? मला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही, या औषधावर जबडा लवकर भरून येत नाही. त्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, कशाची औषधं चालू आहेत?”

पार्वतीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. विचारलं होतं. चांगलं दोनदा विचारलं होतं. पण त्या दवाखान्यात केसपेपर काढणारी बाई जवळच्याच गोरेगावची, अन् गोरेगावातच लेकीची, प्रतिक्षाची सोयरीक जुळत आलेली. बापाला कॅन्सर म्हटल्यावर पोरगी कोण करील? ठणकणारी दाढ धरून नवरा शेजारी बसला होता, अन् पार्वतीबाई खुशाल म्हणाल्या होत्या, “काई न्हाई, निस्ती बीपीची गोळी.” दोन्ही वेळा तेच.

“इचारलं व्हतं,” किशनराव रुमालाआडून बोलले. “मीच न्हाई म्हणलो.”

मागं उभ्या प्रतिक्षानं आईकडं पाहिलं. आई फरशीकडं बघत होती.

डॉक्टरांनी हाडाचा मेलेला तुकडा काढावा लागेल म्हणून लिहून दिलं. भाकरीचं किशनरावांनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, पातळच घ्या सध्या.

सेनगावहून साखऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये शेजारच्या शालूबाई भेटल्या.

“भावजी, तोंडाला काय झालं वो?”

“दाढ,” किशनराव म्हणाले. तेवढ्यानंही रुमाल ओला झाला.

प्रतिक्षाला ते ऐकवेना.

“दाढ न्हाई, मावशी. बाबाला कॅन्सर हाय. दोन वर्सं झाली.”

पार्वतीबाईंनी डोळे मिटून घेतले. शालूबाईंनी पायाजवळची पिशवी मांडीवर घेतली.

“ठावं हाय की, बाई. समद्या गावाला ठावं हाय. गोरेगावच्या पाव्हण्यांनी बी पयल्याच दिवशी मला इचारलं व्हतं. मी व्हय म्हणलं. ते म्हणले, आजार कुनाला चुकलाय, पोरगी चांगली हाय. तुमीच सांगंनात म्हून आमी कोनी बोललो न्हाई.”

थोड्या वेळानं पार्वतीबाईंनी पिशवीतून कोरडा रुमाल काढला अन् नवऱ्यापुढं धरला.

किशनरावांनी तो घेतला नाही. ओलाच तोंडाला लावून ते बाहेर बघत बसले.