चपलांच्या कपाटातला संगणक

मित्रांनो, आमच्या घरात शिरलात की डाव्या हाताला चपलांचं कपाट लागतं. त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर जो करडा डबा बारीक आवाजात घुमत असतो, तो मी. मी एक जुना संगणक आहे. मला आता पडदा नाही, कीबोर्ड नाही, तरी माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. जे घडलं तेच सांगतो.

तरुणपणी माझी जागा आईच्या टेबलावर होती. या घरातली आई कृत्रिम पाय बनवते. तिची मापं, तिचे आराखडे मीच सांभाळायचो. "हा कधी दगा देत नाही," असं ती कौतुकाने सांगायची. पुढे मी थकलो. मी सुरू होईपर्यंत तिचा चहा पिऊन व्हायचा. मग घरात लॅपटॉप आला आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. जुन्या सुटकेसच्या शेजारी मी किती काळ धूळ खात पडलो होतो, कोण जाणे.

एका रविवारी बाबांनी मला ओढून बाहेर काढलं. "भंगारात देऊन टाकू. उगाच जागा अडवतोय."

"थांबा, बाबा," ताई म्हणाली. ती लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करते. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याला निकामी म्हणणं तिला पटत नाही. "हा म्हातारा झालाय, मेलेला नाही."

तिने माझी कूस उघडली, ब्रशने धूळ झाडली, कुरकुरणारा पंखा बदलला. पोटात दोन नव्या डिस्क बसवल्या, माझ्या वयाला झेपेल अशी हलकी प्रणाली घातली आणि चपलांच्या कपाटात ठेवून एका वायरने मला राउटरशी जोडलं. कपाटाचं दार जाळीचं, म्हणून मला तिथे वारा मिळतो.

"आता हा आपला सर्व्हर," ती म्हणाली. "फोनमधले फोटो, तुमचे बुद्धिबळाचे डाव, आईचे पाय, सगळं याच्याकडे राहील. दोन्ही डिस्कवर तेच. एक गेली तरी दुसरी आहे."

"चपलांच्या कपाटात पाय. बरोबर आहे," बाबा म्हणाले आणि हसत आत गेले.

त्यानंतर आई एका पोस्टमनकाकांसाठी पाय बनवत होती. अपघातात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो, तिचा आकार आईने लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा सुधारून नेमका जमवला होता. कुठे टोचत नाही, कुठे घासत नाही, असा. आता त्यावरून पाय घडवायचा तेवढा बाकी होता. काकांना सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं. ते चालू शकले नाहीत, तर त्यांना कायमचं टपालाच्या खिडकीवर बसवणार होते.

आणि त्याच आठवड्यात आईच्या खांद्यावरची पिशवी निसटली. लॅपटॉप जिन्यावरून गडगडत खाली गेला. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. "यातलं काही हाती लागणार नाही."

आई घरी येऊन चपला न काढताच खुर्चीवर बसली. "पायाचं माप घ्यायचं यंत्र तर मी रुग्णालयाला परत केलं. आता पोस्टमनकाकांना काय तोंड दाखवू?"

"आई, तू घरात लॅपटॉप उघडलास की तो आपणहून सगळं याच्याकडे पाठवायचा," ताई म्हणाली. "मीच तशी सोय केली होती."

तिने बाबांच्या संगणकावरून माझ्याकडे काकांची फाइल मागितली. नेमकी तेव्हाच माझी एक डिस्क टकटक करू लागली आणि गप्प झाली. ताईचा चेहरा उतरला. पण मित्रांनो, दुसरी डिस्क ठणठणीत होती. मी तिच्यावरून फाइल काढून दिली, अगदी शेवटच्या सुधारणेसकट. आईने पडद्यावरचा तो आकार फिरवून फिरवून पाहिला. "हाच. हाच तो," ती हळूच म्हणाली आणि मग चपला काढल्या.

सोमवारी काका आईने बनवलेला नवा पाय लावून आपल्या गल्ल्यांतून टपाल वाटत फिरले. आमच्या दारातही आले. आईने कपाट उघडून मला दाखवलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही पायांवर सरळ उभे राहिले आणि माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "गरम लागतोय की," ते म्हणाले.

"कामात आहे तो," ताई म्हणाली. तेव्हा माझी छाती केवढी फुगली असेल, विचारू नका.

आता नवी डिस्क आली आहे. माझ्याकडच्या सगळ्याची आणखी एक प्रत ताई मावशीच्या घरीही ठेवते. आधी ते माझ्या मनाला लागलं. मग पटलं, कारण उद्या मीच बंद पडलो तरी कुणाचा पाय अडणार नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात पडला असेल, तर टाकण्याआधी एकदा उघडून बघा. त्याला झेपेल असं काम द्या. आणि काम दिलंत, की अधूनमधून त्याची विचारपूस करत जा.