आतला अंगठा

मी एक जुना हातमोजा आहे, डाव्या हाताचा. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून जो चेंडू झेलतो, त्याचा. मित्रांनो, आयुष्यभर कौतुक झालं ते माझं. ज्याचं व्हायला हवं होतं, तो बाजूलाच राहिला.

त्याचं नाव ड्वेन हॉफ्लर. अमेरिकेत आयोवातल्या मेपल बेंड गावच्या छोट्या संघात तो आला, तेव्हा मी लाकडासारखा ताठ होतो. त्याने मला तेल चोळलं, माझ्या पोटात चेंडू घालून दोरीने करकचून बांधलं आणि गादीखाली ठेवून वर झोपला. असा मी मऊ झालो. समोरून चेंडू फेकणाऱ्या पिचरचा चेंडू तो थेट माझ्या तळव्यात घ्यायचा, म्हणजे बार उडाल्यासारखा आवाज निघायचा. माझ्या अंगठ्या-बोटांमधल्या जाळीत झेलला तर हात वाचतो, पण आवाज होत नाही. त्या आवाजाने पिचरला हुरूप यायचा आणि निवड करायला आलेली माणसं मान डोलवायची.

"काय मोजा आहे रे तुझा, ड्वेन!" पिचर म्हणायचे, आणि एकेक करून वरच्या मोठ्या संघात निघून जायचे. ड्वेन त्यांच्या बॅगा गाडीपर्यंत पोचवायचा.

त्यालाही तिथे जायचं होतं. एक दिवस का होईना, मोठ्या मैदानावर बसायचं होतं. बसच्या प्रवासात वर्षं गेली, केस गेले, गुडघे कुरकुरू लागले. आशा मात्र जाईना.

एका उन्हाळ्यात चेंडू लागून त्याचा डावा अंगठा मोडला. त्याने माझ्या आत स्पंज कोंबला आणि खेळत राहिला.

"डॉक्टरला दाखव," त्याची बायको लोरेटा कळवळून म्हणाली.

"दाखवला की माझ्या जागी दुसरा बसलाच म्हणून समज. काही नाही, ठीक आहे."

आमच्या संघात एक रीत होती. ज्याला वरून बोलावणं येई, त्याच्या हातातला मोजा मॅनेजर स्वतः ओढून काढी. इथलं काम संपलं, असा त्याचा अर्थ. पुढे महिन्याभराने एका सरावात मॅनेजर अर्ल पिकेट धावतच मैदानात आला.

"ए म्हाताऱ्या, ऊठ! वरून फोन आलाय! त्यांचा झेलणारा जायबंदी झालाय, उद्या तू तिकडे!"

सगळे ओरडत जमले. अर्लने हसत हसत मला हिसका दिला आणि ड्वेन किंचाळला. मी हातातून निघालो, स्पंज गवतावर पडला. अंगठा वांग्यासारखा काळानिळा झाला होता.

"हे कधीचं?" अर्लने विचारलं.

"आत्ताच लागलंय."

"मला शिकवतोस होय रे?"

"अर्ल, तू पाहिलंच नाहीस. घाल तो परत माझ्या हातात. एकच दिवस रे, पाया पडतो तुझ्या!"

"कसा पाठवू तुला? हात जाईल तुझा जन्माचा." अर्लचे डोळे भरले होते. मला बाकावर ठेवून तो फोन करायला गेला. डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेवर प्लास्टर घातलं असतं, तर एव्हाना हाड जुळलं असतं.

बोलावणं पुन्हा आलं नाही. ड्वेन त्याच मैदानावर शिकवू लागला. सरावाआधी तो प्रत्येकाचा मोजा स्वतः काढून हात बघायचा.

"काय कोच, आज कुणाला वर पाठवताय?" पोरं खिदळायची. दुखलं तर सांगा, असं तो घसा फोडून सांगे, आणि त्याची पाठ वळली की स्पंज आत जाई. त्याला चेंडूच्या दबलेल्या आवाजावरून कळायचं. मग तो कोपऱ्यात जाऊन बसायचा.

आता त्याचंही काम सुटलं आहे. मी त्याच्या घरात खिळ्याला टांगलेला असतो. दर रविवारी तो मला काढतो आणि वाकड्या अंगठ्याने तेल चोळतो. कशासाठी, ते त्यालाही सांगता येणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला त्याने जिवापाड जपलं. तुमच्या घरातलं कुणी "काही नाही, ठीक आहे" म्हणालं, तर तेवढ्यावर जाऊ नका. हात हातात घेऊन बघा, आणि लवकर बघा.