जिल्बेरच्या मळ्यातली नवी वाइन

जिल्बेर गेल्यावर त्याचा द्राक्षमळा त्याच्या बायकोनं, रेजिननं, स्वाझिगला विकला. स्वाझिग चाळिशीची, नांतकडची, आधी बँकेत नोकरी करणारी. आमच्या मार्सियाकमध्ये लोकांनी नाकं मुरडली. रेजिनचं म्हणणं एवढंच होतं, की बाकीच्या गिऱ्हाइकांनी आधी रस्ता किती लांब ते विचारलं, हिनं खाली बसून माती हातात घेतली.

त्या मळ्यातली स्वाझिगची पहिली वाइन हिवाळ्यात बाटलीत भरून झाली आणि रेजिननं आम्हाला जेवायला बोलावलं. आम्हाला म्हणजे मला, माझा नवरा आर्मां याला, आणि स्वाझिगला. बाटली घेऊन ये, असं रेजिननं तिला स्वतःच सांगितलं होतं.

मला ते ऐकूनच धडकी भरली. वाइन वाईट निघाली तर मळा भलत्याच हाती दिला म्हणून रेजिन झुरत बसणार. आणि चांगली निघाली तर जिल्बेरचं काय? त्याची वाइन आंबट होती, हे आम्ही त्याच्यासमोर आयुष्यात कधी बोललो नव्हतो. जाताना गाडीत मी आर्मांला बजावलं, की कशीही असली तरी 'बरी आहे' म्हणायचं आणि विषय बदलायचा. तो म्हणाला, मी तोंडात घास ठेवीन, म्हणजे बोलावंच लागणार नाही.

सुरुवात छान झाली. स्वाझिगनं तिच्या माहेरची मुस्कादे आणली होती आणि रेजिननं कालवं. गार, खारट कालवांवर ती हलकी पांढरी वाइन अशी काही जमली, की आर्मांसारखा अल्सासवालासुद्धा दुसऱ्या प्रदेशाच्या वाइनला नावं न ठेवता ग्लास पुढे करत होता. स्वाझिग मात्र एकही कालव खात नव्हती.

मग रेजिननं आलिगो आणला. उकडलेले बटाटे, ताजं चीज, लसूण, सगळं तार सुटेपर्यंत घोटलेलं, आणि शेजारी चरचरणारी जाडजूड सॉसेजं. स्वाझिगनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली. बूच काही तिच्याकडून निघेना, म्हणून आर्मांनं ते काम आपल्याकडे घेतलं.

मी घोट घेतला. काळ्या मनुकांचा वास, मागून किंचित मिरीचा तिखटपणा, आणि आमच्या तांबड्या मातीची लोखंडासारखी चव. आलिगोचा तुपकट जडपणा तिनं जिभेवरून अलगद उतरवला. वाइन उत्तम होती. पण मी आर्मांकडे पाहिलं, त्यानं ताटाकडे पाहिलं आणि मोठा घास तोंडात भरला. स्वाझिगचा चेहरा पांढराफटक पडला.

रेजिननं सावकाश घास खाल्ला, परत एक घोट घेतला.

"द्राक्षं कधी उतरवलीस?"

"सगळ्यांच्या नंतर," स्वाझिग म्हणाली. "ऑक्टोबर बराच उलटला होता. चुकलं का माझं?"

"चुकलं? अगं, हेच मी त्याला जन्मभर सांगत होते. थांब जरा, पिकू दे. तो सगळ्या गावाआधी कात्री घेऊन मळ्यात." रेजिननं ग्लास खाली ठेवला आणि आमच्याकडे वळली. "आणि तुम्ही दोघं. इतकी वर्षं तोंड वाकडं न करता प्यायलात, त्याचं कौतुकच आहे. मी काय आंधळी होते? एकदा उन्हाळ्यात नुसती कोशिंबीर आणि कोंबडी केली होती, आठवतं? आर्मांनं त्याचा ग्लास कुंडीत ओतला. तेव्हापासून भर जूनमध्येसुद्धा मी आलिगो घोटत आले. जिल्बेरच्या वाइनसमोर दुसरं काही टिकतच नव्हतं."

आर्मांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुला दिसलं होतं?"

"झाड वाळलं ना माझं."

आधी स्वाझिगला हसू फुटलं, मग आम्हा सगळ्यांनाच. मला तर डोळे पुसावे लागले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं होतं.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, जिल्बेरला स्वतःला कळत होतं का. रेजिन म्हणाली, कळत होतं तर. लग्नाच्या वर्षी ऐन तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली आणि दुपारच्या चहाइतक्या वेळात सगळा मळा झोडपला गेला. त्यानंतर आभाळ भरून आलं की तो कोठीत फेऱ्या मारायचा. आंबट तर आंबट, पण घरात आली, असं म्हणायचा आणि मगच त्याला झोप लागायची.

"तुला लागली का झोप?" तिनं स्वाझिगला विचारलं.

"सप्टेंबरभर नाही. आणि काल रात्री तर मुळीच नाही. तुम्हाला वाटेल, बाहेरची बाई आली आणि त्यांच्यावर मात करायला निघाली."

"वाटलं असतं कदाचित. पण जीभ खोटं बोलू देईना," रेजिन म्हणाली. "भर इकडे."

त्यानंतर स्वाझिग जी जेवायला बसली ती दोन ताटं आलिगो संपवूनच थांबली. शेवटी रोकफोर चीज आलं, आणि त्याच्या खारटपणावर आर्मांनं अल्सासहून मागवलेली गोड गेवुर्त्स्ट्रामिनेर वाइन. गुलाबाचा वास सुटला टेबलभर. तो नेहमीप्रमाणे तिचं गुणगान गाऊ लागला आणि रेजिननं नेहमीप्रमाणे त्याला मध्येच तोडलं.

मी ताटं घेऊन आत गेले तर स्वाझिग स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून आईशी फोनवर बोलत होती.

"हो आई, प्यायल्या. नाही गं, रागावल्या नाहीत. मागून घेतली परत."