बारावी काडी

माझ्या नावाचा एक मासा आहे. लांबीला करंगळीएवढा, किनाऱ्यालगतच्या खडकांत राहणारा, अंगावर पिवळा पट्टा, आणि बाजारात फुकट दिला तरी कोणी घेणार नाही असा. आमच्या ह्यांनी तो बावीस वर्षांपूर्वी शोधला. सासूबाईंनी तेव्हा दोनच प्रश्न विचारले होते. खायला कसा लागतो, आणि तुला बढती मिळाली का. दोन्ही उत्तरांनी त्यांची निराशा झाली.

मी मात्र हुरळून गेले होते. हे म्हणजे अगदी कोरडं लाकूड. लग्नाची तारीख ह्यांना दरवर्षी मी सांगते आणि हे दरवर्षी "हो का?" म्हणतात. अशा माणसाने जगातल्या कुठल्याही प्राण्याला माझं नाव दिलं, हे मी चारचौघांत सांगणारच. बाहेरच्या खोलीत त्या माशाचा फोटो लावलाय. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका माप देता देता विचारतात, आणि मी लगेच सांगते. एक-दोघींनी तर दुसरा शिंपी गाठला.

यंदा ह्यांच्या मत्स्य संशोधन केंद्रात एक नवी पोरगी आली. हुशार आणि कामाला वाघ, फक्त बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. तिने एका टाकीत त्याच खडकांतले साधे, करडे मासे पाळले. ही जात शंभर वर्षांपासून माहीत असलेली, नाव वेगळं. टाकीतले छोटे करडे नर तिने सगळे काढून घेतले. पाच आठवड्यांत उरलेल्यांतली सगळ्यात मोठी मादी नर झाली, आणि तिच्या अंगावर पिवळा पट्टा उमटला.

"म्हणजे काकू, तुमचे मासे म्हणजे त्याच जातीचे मोठे नर," ती टाकीकडे बघत म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. आधी माद्या होत्या."

बावीस वर्षं माझं नाव लावून मिरवत होते ते सगळे बाप्ये निघाले. ह्यावर कोणी हसलं नाही, म्हणून मीही हसले नाही.

"रंग हा काही पुरावा नव्हे," हे म्हणाले. "मुख्य फरक काड्यांचा आहे."

माशाच्या पाठीवरच्या पराला पुढे टोकदार काटे असतात आणि मागे मऊ काड्या. करड्या जातीत मऊ काड्या अकरा आणि माझ्या माशात बारा, असं ह्यांच्या जुन्या पेपरात छापलेलं होतं. पोरीने तेच जुने नमुने बाटलीतून काढून मोजले, तर तिला अकरा मिळाल्या. आता एकतर तिची सहा महिन्यांची मेहनत वाया, नाहीतर माझा मासा गेला.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. काड्या स्पष्ट दाखवणारं केंद्रातलं एक्स-रेचं यंत्र दोन वर्षं दुरुस्तीला गेलेलं. तेव्हा हे म्हणाले, "ज्याने आधी मोजलं, त्यानेच पुन्हा मोजावं."

आधी मोजलं होतं ते मी. नवी नवरी होते, नजर सुईत दोरा ओवणारी. हे वही घेऊन बसायचे, मी मायक्रोस्कोपात बघून आकडे सांगायचे. चाळीस मासे मोजले होते. पेपरात त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. मला वाटलं, माशाला नाव दिलंय, आणखी काय हवं?

मंगळवारी दुपारी जेवून मी केंद्रात गेले. खोलीत तोच अल्कोहोलचा वास, तेच डगमगणारं स्टूल. माझा मासा बशीत आडवा पडला होता. रंग केव्हाच उडालेला, पट्टासुद्धा नाही. हे माझ्या उजवीकडे वही घेऊन बसले आणि पोरगी खिडकीशी उभी राहिली.

"तू सांगशील ते लिहीन," हे म्हणाले.

मला बारा हव्या होत्या, उगाच कशाला लपवू? सुईने एकेक काडी सोडवत मी मोजत गेले, आणि मोजल्या तर बाराच झाल्या. जीव भांड्यात पडला. तोंड उघडणार तेवढ्यात शेवटच्या दोन काड्यांच्या मुळाशी नजर गेली. मूळ एकच होतं. एका टाक्यातून दोन दोरे निघावेत तशा त्या दोघी एकाच बुंध्यातून फुटल्या होत्या. बावीस वर्षांपूर्वीही मी हे पाहिलं होतं आणि दोन धरल्या होत्या.

"बारा" म्हणायला काहीच लागलं नसतं. ह्यांना एवढं बारीक दिसत नव्हतं, आणि ह्यांच्या शब्दापुढे त्या पोरीचं कोणी ऐकलं नसतं. तिने खिडकीची चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. माप चुकलं की कापड वाया जातं, आणि ते गिऱ्हाईकाच्या माथी मारणारी बाई मी नव्हे. फार राग आला. कोणाचा, ते कळेना.

मी विचारलं, "शेवटची काडी बुंध्यापासून फाटलेली असली, तर एक धरायची की दोन?"

"एक," हे वहीतून मान वर न करता म्हणाले. "हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात."

"मला कुठे शिकवलं होतं?"

ह्यांचं पेन थांबलं.

"नाही शिकवलं," हे म्हणाले.

"मग अकरा," मी म्हणाले. उरलेले एकोणचाळीसही मोजले. सगळे अकरा. पोरगी रडायला लागली, तिला मी रुमाल दिला. रडायचं खरं तर मला होतं.

दोन दिवसांनी ह्यांनी दुरुस्तीची टिपणी लिहून मला वाचून दाखवली. ही जात वेगळी नाही, जुनंच नाव ग्राह्य धरावं, मूळ मोजणी सदोष, दोष सर्वस्वी लेखकाचा.

"लेखकाचा कसा? मोजलं मी."

"शिकवलं नाही मी. शिवाय तुझी चूक छापून कशाला हसं करून घ्यायचं?"

"हसू देत. चाळीस मासे दोनदा मोजलेत मी. मान वाकडी झाली. एकदा तरी छापून येऊ दे."

ह्यांनी बराच विचार केला आणि खाली एक ओळ वाढवली. 'दोन्ही वेळची मोजणी माझ्या पत्नीची.'

"पत्नी नको," मी म्हणाले. "नाव लिहा."

ह्यांनी पत्नी खोडलं. कागद नाकाला लागेल इतका जवळ धरून माझं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. मग दिसत नाही म्हणून तपासायला माझ्याकडे दिलं.

मी दोनदा तपासलं. बरोबर होतं.