सोनचाफ्याचा लंगोट

उचगावात ज्ञानू वस्तादांच्या दारात सोनचाफ्याचं झाड होतं, आणि त्या झाडाला लंगोट होता. तांबडा, कडक, रोज धुतलेला. येणारे-जाणारे बघायचे, पण तोंडावर हसायची कुणाची टाप नव्हती, कारण उतारवयातही वस्तादांचा पंजा ताटाएवढा होता.

रोप आणलं होतं त्यांच्या बायकोनं, चिमणाबाईंनी. माहेराहून, पन्हाळ्याखालच्या वाडीतून, तेलाच्या डब्यात घालून. बाईंची हौस एवढीच, की आपल्या दारचं फूल आपल्या अंबाड्यात माळावं. पण रोप पडलं वस्तादांच्या हातात, आणि वस्तादांना जन्मात एकच काम येत होतं. समोर काही वाढताना दिसलं, की त्याचा पैलवान करायचा.

मग काय विचारता! झाडाच्या बुडात तालमीतली माती आली, तिच्यात ताक, तेल, हळद कालवली गेली. पहाटे खोडाला मालीश. म्हशीची धार काढली की पहिला तांब्या वस्तादांच्या पोटात, दुसरा बदाम वाटून झाडाच्या बुडात, आणि चिमणाबाईंच्या वाट्याला कोरा चहा. झाड असं माजलं, की खोड मांडीएवढं झालं आणि फांद्या कौलांवर चढल्या. फूल मात्र औषधाला नाही.

"अजून कच्चा हाय पठ्ठ्या," वस्ताद म्हणायचे. "तयार हुतोय."

एका वर्षी शेजारच्या बयाबाईच्या दारातला केवढासा चाफा, भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर वाढलेला, फुलांनी लगडला. चिमणाबाईंनी तो बघितला, घरात जाऊन पिशवी भरली आणि उंबऱ्याबाहेर आल्या.

"अवो, सगळा जलम कोरा चहा पिले, कधी बोलले न्हाय," त्या म्हणाल्या. "आता ह्या झाडाचं एक फूल घिऊन मला न्यायला या. तवर मी भावाकडं."

चार दिवसांत येईल, वस्तादांना वाटलं. आली नाही. भाकरी करपायची ते सोडा, पण आपण बोललेलं ऐकायलाच घरात कुणी नाही म्हटल्यावर गडी आतून खचला. रोज सकाळी झाडापुढं हात जोडायचा, "एक दे मर्दा. एकच." आणि दूध दुप्पट करायचा. दुसरं काय सुचणार!

कुणीतरी सांगितलं, न फुलणाऱ्या झाडाला धाक घालायची जुनी रीत आहे. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं मधे पडून, पुढच्या वर्षी फुलेल म्हणून झाडासाठी जामीन राहायचं. तालमीतला सम्राट नावाचा पोरगा बिचारा ठरल्याप्रमाणे कुऱ्हाड घेऊन आला, "तोडतो ह्याला" म्हणाला, आणि वस्तादांनी जामीन राहायच्या ऐवजी त्यालाच उचलून आपटला. पठ्ठ्यावर कुऱ्हाड उगारलेली बघवली नाही त्यांना. सम्राटचा हात पुढं बरेच दिवस गळ्यात होता.

हे ऐकून कळंब्याहून हंबीरराव आले. एके काळी मैदानात वस्तादांच्या छातीवर बसलेला आणि त्यामुळंच जिवाभावाचा झालेला माणूस. त्यांनी झाडाभोवती फेरी मारली आणि विचारलं, "ज्ञानू, ह्याला लंगोट कवा बांधला?"

"हातभर हुता तवाच."

"शपथ घातलीस?"

"घातली की. मारुतीम्होरं."

"मग लेका, त्यो फुलंल कसा? ब्रह्मचारी हाय त्यो. तुझ्या शब्दापायी तरणाताठा गडी कळ काढून हुबा हाय, आन् तूच त्याला म्हणतोस फूल दे."

पटू नये अशी गोष्ट, पण वस्तादांना पटली. आमच्याकडं लंगोटाचा विषय निघाला की अक्कल चपलांबरोबर तालमीबाहेर राहते.

येत्या रविवारी सोहळा ठरला. हलगी आली, गुलाल आला, फांदीला फेटा बांधला, आणि कुणीतरी झाडाच्या हाती, म्हणजे बेचक्यात, नारळ दिला. वस्ताद पुढं झाले. "पठ्ठ्या, तुझी पाठ कवा मातीला लागली न्हाय. आता तू मोकळा. संसार कर."

सकाळी धुऊन बांधताना गाठ फार आवळली गेली होती. ती सोडवता सोडवता त्यांना आपलं लग्न आठवलं. हळदीच्या अंगानं बसलेल्या चिमणाला आपण म्हणालो होतो, एवढं मैदान मारू दे, मग बघू. मग पुढचं मैदान. मग त्याच्या पुढचं. मैदानं संपली नाहीत, वय संपलं, आणि घरात पाळणा हलायचा राहून गेला. तिनं कधी विचारलं नाही, आपण कधी सांगितलं नाही. भर हलगीत वस्ताद लहान पोरासारखे रडले. पठ्ठ्या निवृत्त होतोय म्हणून रडतायत, असं समजून तालीमही रडली.

निवृत्त पैलवानाला खुराक नसतो. दूध बंद झालं, बदाम बंद झाले. झाडानं पानं टाकली, रोडावलं, आणि श्रावणात एका फांदीच्या टोकाला एक पिवळं फूल आलं.

वस्तादांनी ते ओल्या रुमालात घेतलं, एसटी धरली आणि मेव्हण्याच्या दारात जाऊन उभे राहिले. खूप बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "चिमणे, माझं चुकलं. झाडाच्या बाबतीत न्हवं. तुझ्या बाबतीत."

चिमणाबाईंनी रुमाल उलगडला. मग फूल माळलं आणि पिशवी घेतली.

घरी येऊन त्यांनी दूध तापत ठेवलं. उतू जायला लागलं तेव्हा खुंटीवरचा तांबडा लंगोट ओढला, त्यानं पातेलं धरून उतरवलं. दूध कोमट झाल्यावर वस्तादांनी तांब्या भरला आणि सवयीनं झाडाकडं निघाले.

"तिकडं कुठं?" चिमणाबाई म्हणाल्या. "हिकडं द्या."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. वरच्या ओठावर सायीची पांढरी मिशी उमटली. बायको दूध पिताना कशी दिसते, हे वस्ताद पहिल्यांदाच बघत होते.

"आनखी हाय का?" चिमणाबाईंनी विचारलं.

वस्ताद चरवी घेऊन म्हशीकडं पळाले.