माझी डोलकाठी गावाने मागितली नव्हती

मी एक होडी बोलतेय. एका अखंड महोगनीच्या खोडातून कोरलेली, बेलीझच्या दक्षिण टोकाची, सारस्टून नदीच्या मुखाजवळच्या गरीफुना लोकांच्या गावातली.

माझी मालकीण यूलालिया. नवरा बुडाल्यावर शीड तिनेच हाती घेतलं. मासे धरायची आणि आठवड्यातून एकदा कसाव्याच्या कंदाच्या भाकऱ्या घेऊन नदीपलीकडे बहिणीकडे, तोमासाकडे जायची. पलीकडचा काठ ग्वातेमालाचा. त्यांच्या नकाशात आमचा अख्खा देश त्यांचाच एक प्रांत होता.

एकदा तिथल्या शिपायाने आम्हाला अडवलं. "बाई, तुझं गावही आमचंच आहे."

"असं?" यूलालिया म्हणाली. "मग सांग, गावात विहिरी किती?"

त्याने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिने भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि वल्हं मारलं. काठ मागे पडल्यावर मात्र ती दुप्पट जोराने वल्हवू लागली. ते मला कळलं.

एकोणीसशे एक्याऐंशीच्या सप्टेंबरात इंग्रज जाणार आणि देश स्वतंत्र होणार असं ठरलं. गावात आनंद होता, पण खालच्या आवाजातला. पोलोनियो मास्तरांनी शाळेपुढे नव्या देशाचा झेंडा लावायचा म्हटल्यावर यूलालियाचा दीर कातारिनो उसळला.

"नका लावू, मास्तर! पलीकडून दिसेल."

"दिसू दे की, भावजी," यूलालिया म्हणाली. "त्यासाठीच तर लावायचा."

"उद्या ते आले म्हणजे?"

"आले तर कुणाच्या गावात आलो, ते त्यांना कळायला नको?"

पण मास्तरांचा बांबू शाळेच्या छपराएवढाच. झेंडा नारळांच्या झावळ्यांत लपला असता. यूलालिया किनाऱ्यावर आली, माझं शीड उतरवलं आणि डोलकाठी उपसली.

"वहिनी, पोट कशावर भरशील?" कातारिनोने विचारलं.

"हात आहेत ना."

एकवीस तारखेला सकाळी माझ्या डोलकाठीवर निळा झेंडा चढला. ढोल घुमले. कातारिनो सगळ्यांत मागे उभा होता. झेंड्याने वारा धरला तशी त्याने टोपी काढली.

त्या आठवड्यात आम्ही वल्हवत पलीकडे गेलो. यूलालियाच्या तळहातांना फोड आले होते. तोमासा धक्क्यावर धावत आली.

"दिसला गं, अक्का! चुलीवर मासे करपले, तरी मी बघतच उभी!"

डोलकाठी यूलालियाने परत मागितली नाही. जन्मभर वल्ही मारली.

आता ती नाही. शाळेपुढे लोखंडी खांब आलाय. हद्दीचा वाद म्हणे दूरदेशीच्या न्यायालयात आहे. मी वाळूत पालथी आहे. मला रंगवून चौकात मांडायचं चाललंय. नको रे बाबांनो! बूड थोडं कुजलंय, बाकी लाकूड खणखणीत आहे. ठिगळ लावा आणि तोमासाच्या नातवंडांना भेटायला एकदा पलीकडे न्या.

शीड नाही म्हणून अडू नका. वल्हवत न्या. मला सवय आहे.